मीठ तपासत पिंपळझरीपर्यंत

रविवारी सकाळी साडेसहाला महालातल्या आमच्या गल्लीत चार मोटारसायकली एकदम सुरू झाल्या आणि वरच्या खिडकीतून आवाज आला, "अबे, रविवारी तरी झोपू द्या ना!" लोक प्रवासाला निघाले की त्यांना कुणीतरी ओवाळतं, हातावर दही ठेवतं. आम्हाला हे मिळतं. तीन वर्षांत सवय झाली आहे.

आमच्या मंडळाचं नाव 'वादळ ग्रुप'. वेग चाळीस, फार तर पंचेचाळीस. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी निघायचं, खेड्यापाड्यांतून फिरायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. मंडळात चौघं. बंडूभाऊंचा लकडगंजात लाकडाचा ठोक व्यापार आहे. माणूस शंभर किलोंच्या पुढचा, गाडी मात्र शंभर सीसीची. ते बसले की गाडी दिसेनाशी होते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, एक माणूस रस्त्यावरून नुसता बसल्या बसल्या येतो आहे. दिलीप मेश्राम कॉलेजात ग्रंथपाल आहे. कमी बोलतो, पण एकदा बोलला की त्याच्याशी वाद घालता येत नाही. निर्मलाताई निवृत्त परिचारिका, वय बासष्ट, गाडी बुलेट. आमच्यात खरी गाडी चालवता येते ती त्यांनाच. चौथा मी. शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून अजून सगळे मास्तर म्हणतात.

या वेळच्या फेरीला एक काम जोडलेलं होतं. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधलेला पितळी गंज (आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात) पिंपळझरीला माझ्या मोठ्या मेहुणीकडे, कुंदाताईंकडे पोचवायचा होता. हा गंज साधा नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या साक्षगंधाला (साखरपुड्याला) कुंदाताईंनी तो आमच्याकडे आणला. माझ्या बायकोनं, शोभानं, त्यात साठ माणसांचा वडाभात (डाळीचे वडे कुस्करून घातलेला भात) केला. पहिल्याच पंगतीत, नव्या व्याह्यांच्या देखत, कुंदाताई म्हणाल्या, "मीठ कमी हाय वं शोभे."

झालं. त्या दिवसापासून सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. दिवाळ्या गेल्या, राख्या गेल्या, फोन नाही. गंज आमच्या माळ्यावर पडून होता. परवा कुंदाताईंच्या गावचा एक माणूस बाजाराला आला आणि निरोप देऊन गेला: नातवाचं बारसं आहे, माझा गंज पाठवून द्या. बारशाचं बोलावणं नव्हतं. नुसता गंज मागितला होता.

शोभानं गंज उतरवला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि शनिवारी दुपारभर बसून पुडाच्या वड्या तळल्या. बाहेर बेसनाचा पातळ पुडा, आत सांबार (म्हणजे कोथिंबीर), खोबरं, खसखस. मोजून चाळीस. त्या गंजात रचल्या, वरून स्वच्छ फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "रिकामं भांडं आमच्या घरून जात नाही. ताईले म्हणा, खाऊन पाह्य. अन् मग मीठ कसं आहे ते तूच मले फोन करून सांग."

निघताना पाहिलं तर तिनं फोन चार्जिंगला लावून ओट्यावर, अगदी हाताशी ठेवला होता. ती फोनची वाट पाहणार होती. मी मनाशी ठरवलं, जीव गेला तरी चाळीसच्या चाळीस वड्या पोचवायच्या.

कामठी रोडवर पहिला मुक्काम तर्री-पोह्यांचा. थंडी अशी होती की तर्रीच्या वाफेवर हात शेकून घ्यावे लागले. निर्मलाताईंनी सगळ्यांना कानटोप्या घालायला लावल्या आणि वर हेल्मेट. कामठी मागे पडली, कन्हान नदीच्या पुलावर आलो. हिवाळ्यात नदी आपल्या वाळूत अंग चोरून वाहते. पाण्यावर धुकं होतं, एक माणूस गुडघाभर पाण्यात म्हशी धूत होता आणि आमच्या बाजूनं कोळशाचे ट्रक काळी धूळ उडवत चालले होते. पुलापलीकडच्या चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा बंडूभाऊंच्या चेहऱ्याला नुसती मिशीच नव्हती, काळ्या दाढीचाही भास होत होता.

चहा पिता पिता बंडूभाऊ माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मास्तर, एक इच्यारू? मीठ कमी असलं तर?"

"कशात?"

"वड्यांत ना गा. दोन साल पह्यले मिठावरूनच बिनसलं ना? आता यातही कमी निघालं, मंग? मी चाळीस साल धंदा करून राहिलो. नमुना पाह्यल्याशिवाय माल मी पोचवत नाही."

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो, दोनदा. पण माणसाच्या मनात शंका शिरली की ती तिथंच बिऱ्हाड करते. चाळीस वड्या घेऊन गेलो आणि त्या अळणी निघाल्या, तर बहिणींचं उरलंसुरलं नातं माझ्याच हातून तुटणार. फडकं सोडलं. चार वड्या काढल्या. छत्तीस म्हणजे काही कमी नाहीत.

बंडूभाऊंनी वडी दोन घासांत संपवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "थोडं कमी हाय."

दिलीप म्हणाला, "मले तर बरोबर वाटते."

निर्मलाताई म्हणाल्या, "जास्त आहे." त्यांना रक्तदाबामुळे सगळंच खारट लागतं, पण हे त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार?

तिघांचे तीन निकाल. माझं मत विचारलं तेव्हा मी घाबरून वडी न चावताच गिळली होती, त्यामुळे मत नव्हतं. दिलीपनं चष्मा पुसला आणि म्हणाला, "एकावरून समजत नाही. अजून एकेक पाहावं लागते."

ग्रंथपाल माणूस, त्याचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. आम्ही अजून एकेक पाहिली.

आता पुढचं काय सांगू? कन्हानच्या पुढे तुरीची वावरं (शेतं) लागली, मध्येमध्ये कापसाची. धानाच्या कापलेल्या बांध्यांत (भातखाचरांत) बगळे उभे होते. रस्ता सरळ, ऊन कोवळं, अशा वेळी माणसानं निसर्ग पाहावा. आम्ही मोहाच्या एका झाडाखाली थांबून दुसरी बैठक घेतली. या वेळी बंडूभाऊंना मीठ बरोबर लागलं आणि दिलीपला कमी. निर्मलाताईंनी तोडगा काढला की वरच्या थरातलं आणि खालच्या थरातलं मीठ वेगळं असू शकतं, तेव्हा मधल्या थराचाही नमुना घ्यावा. रुग्णांचं रक्त तीनदा काढायची सवय त्यांना. मनसरच्या अलीकडे डावीकडे वळल्यावर नहराच्या (कालव्याच्या) काठी तिसरी बैठक झाली. ती जरा लांबली. त्याच नहरावर जरा पुढे, चौथ्या बैठकीला, मी गंजात हात घातला आणि हाताला नुसतं पितळ लागलं.

नहराचं पाणी वाहत होतं. बंडूभाऊंनी वाकून आत पाहिलं, मग गंज उलटा करून पाहिला.

"खतम?" ते म्हणाले.

"खतम," मी म्हणालो. शेवटची वडी मी खाल्ली होती. हे इथं पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

"मीठ बरोबर होतं," दिलीप हळूच म्हणाला. त्या क्षणी मला त्याला नहरात ढकलावंसं वाटलं. तिकडे माझी बायको ओट्याशी फोन ठेवून बसली होती, आणि इथं चार प्रौढ माणसं मिशा पुसत होती.

बहिणीचं भांडं बहिणीकडे रिकामं न्यायचं म्हणजे भांडणावर ठप्पा मारायचा. काहीतरी भरायलाच हवं होतं. बंडूभाऊ म्हणाले, हॉटेलातून आलूबोंडे घेऊ. निर्मलाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पिंपळझरीत दुकान असेल, तिथं पेढे मिळतील, असा विचार करून आम्ही निघालो.

पण रिकामा गंज हलका झाला होता आणि दोरी भरल्या गंजाच्या बेतानं बांधलेली होती. पुढच्या गावाच्या तोंडाशी आलेल्या ब्रेकरवर (गतिरोधकावर) गाडी उडाली, मागे 'ठण्ण' झालं आणि आरशात मला गंज एकटाच प्रवासाला निघालेला दिसला. तो रस्त्यावर दोन कोलांट्या खाऊन बांधावरून खाली उतरला आणि वांग्याच्या वावरात शिरला. मागून येणारे बंडूभाऊ त्याला चुकवायला गेले आणि गाडीसकट त्याच्यामागे गेले.

तिथं एक म्हातारी वांगी तोडत होती. पायाशी गंज येऊन थांबला, चार हातांवर बंडूभाऊ थांबले. तिनं आधी गंज उचलला.

"कोनाचा हाय गा हा?"

"माझा, आजी. लागलं तर नाही ना तुम्हाला?"

"मले काय लागते? त्या दादाले पाहा, वाफ्यात बसला." मग तिनं गंज फिरवून पाहिला. काठाखाली अंगठ्याएवढा पोचा पडला होता. "रिकामा काहून फिरवून राहिले?"

आम्ही खरं सांगितलं. म्हणजे निर्मलाताईंनी सांगितलं, आम्ही खाली पाहिलं. म्हातारी हसता हसता बांधावर बसली. डोळे पुसून म्हणाली, "चाळीस वड्या! अन् मीठ नाही समजलं? भैताड (वेडे) हाव काय रे?" तिनं टोपलीतली वांगी धडाधड गंजात ओतली, वरून तुरीच्या ओल्या शेंगा टाकल्या. पैसे देऊ केले तर हात झटकला. "लेकीबाळीच्या घरी रिकामं भांडं नेऊ नये. जा आता. अन् दादा, बसल्या जागचं वांगं सोडून जा."

बंडूभाऊंनी खिशातलं वांगं परत केलं.

पिंपळझरी पन्नासेक घरांचं गाव. कुंदाताई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. शोभाहून आठ वर्षांनी मोठ्या, तोच चेहरा, तेच नाक, रागावल्या की तशाच भुवया. चार गाड्या, चार कानटोप्या पाहून त्या उठल्या, मला ओळखलं, पदर सारखा केला.

"या जवाईबापू. बसा." आणि थेट गंजाकडे गेल्या. माझ्या लक्षात आलं, त्यांना गंजापेक्षा त्यात काय आहे हे पाहायचं होतं. फडकं सोडताना त्यांचे हात घाई करत होते. आत वांगी दिसली आणि हात थांबले.

"शोभीनं वांगे पाठवले?"

मी हो म्हणालो. याहून मूर्ख शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही.

"माह्या वावरात वांग्याचे ढीग पडले हायेत. बैल खात नाहीत. अन् दोन सालांनी बहिणीले वांगेच पाठवायचे सुचले तिले?" आवाज चढला नाही, उलट उतरला. त्या उंबऱ्यावर बसल्या. "ठीक हाये. समजलं मले."

अगदी त्याच वेळी माझा फोन वाजला. शोभा. "पोचले काय? ताईनं खाल्ल्या? काही बोलली?" मी "हो, नाही, रेंज नाही" असं म्हणून फोन बंद केला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. माझा घसा खरोखरच खवखवत होता.

पण ज्या बाईनं पंगतीत साठ माणसांसमोर मीठ पकडलं, तिच्या नाकापुढे आमचं काय चालणार? कुंदाताईंनी वांगी परातीत ओतली आणि गंजाच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. त्याला चिकटून पुड्याचा एक तुकडा वर आला, खसखशीच्या दोन दाण्यांसकट. त्यांनी तो नाकाशी नेला. मग एकेका माणसाकडे पाहत पाहत त्यांची नजर बंडूभाऊंच्या मिशीवर येऊन थांबली. मिशीत सांबाराचं एक हिरवं पान होतं.

"पुडाच्या वड्या होत्या," त्या म्हणाल्या.

"चाळीस," निर्मलाताई म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं. चिंच, फडकं, ओट्यावरचा फोन, सगळं. कुंदाताई ऐकत राहिल्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, तेही दुसरीकडे पाहत.

"मीठ कसं होतं?"

"कमी," बंडूभाऊ म्हणाले. "बरोबर," दिलीप म्हणाला. "जास्त," निर्मलाताई म्हणाल्या. मी म्हणालो की माझं निश्चित मत बनलेलं नाही.

"चौघांनी दहा-दहा खाल्ल्या, अन् एकालेही नाही समजलं!" कुंदाताई उभ्या राहिल्या. "हा गंज मी ठेवून घेत नाही. तिनं पाठवलं ते मले पोचलं नाही, मंग गंज तरी पोचला कसा? आधी जेवून घ्या. मंग मीच जातो नागपूरले." (आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात.)

आम्ही म्हणालो, जेवण नको, पोट भरलेलं आहे. हे म्हणायला नको होतं. "राग बहिणीवर हाये, जेवणाशी नाही," असं म्हणून त्यांनी आम्हाला ओळीनं बसवलं आणि त्याच वांग्यांची रस्सेदार भाजी, ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांचा झुणका वाढला. दहा दहा वड्यांवर हे जेवण. प्रत्येक वेळी भाकर वाढताना त्या विचारत, "यात तरी मीठ समजते काय?" चौघंही एकमुखानं बरोबर म्हणत होतो. बंडूभाऊंनी चौथी भाकर घेतली, ती मात्र शिक्षा म्हणून नव्हे.

दुपारी तीनला निघालो. कुंदाताईंनी गंजात थोडा नवा तांदूळ घातला, अंगात सुनेचा स्वेटर, त्यावर शाल, त्यावर निर्मलाताईंचं जादा हेल्मेट घातलं आणि बुलेटवर मागे बसल्या. गंज दोरीनं बांधू दिला नाही. मांडीवर घेतला. "तुमच्या भरवशावर एकदा पाठवला तेवढा पुरे."

परतीचा रस्ता तोच, पण बसायला एक माणूस वाढला की रस्ताही नवा वाटतो. वांग्याच्या वावरापाशी म्हातारीनं आम्हाला पाहून विळा हलवला. तिला कुंदाताईंनी बुलेटवरूनच ओरडून विचारलं, "गंजाले पोचा तुह्याच वावरात पडला काय वं?" म्हातारी ओरडली, "पोचा त्याह्यचा, वावर माहं!" कन्हानच्या पुलावर सूर्य वाळूकडे कलला होता. कुंदाताईंनी गाडी थांबवायला लावली आणि थोडा वेळ नदी पाहत उभ्या राहिल्या. आईबरोबर दोघी बहिणी इथं अंघोळीला यायच्या, एवढंच त्या म्हणाल्या. बंडूभाऊंनी चहा विचारला. कुणीही नमुन्याचा विषय काढला नाही.

महालात पोचलो तेव्हा गल्लीत दिवे लागत होते. शोभानं दार उघडलं. हातात फोन तसाच होता. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे हेल्मेट घातलेली, तो गंज छातीशी धरलेली आपली बहीण पाहिली. मला वाटलं, आता रडारड होईल. कुंदाताईंनी हेल्मेट काढलं.

"तुह्या नवऱ्यानं वड्या खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांत बहिणीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काय?" शोभा म्हणाली.

"चाळीस. एक नाही ठेवली."

दोघी बहिणींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांचा साचलेला राग एका दिशेनं वळला आणि ती दिशा मी होतो. पुढची दहा मिनिटं मला जे ऐकावं लागलं ते छापण्याजोगं नाही, पण एक गोष्ट लक्षात आली: एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती.

मग शोभानं कढई चढवली. आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या दारात, शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसे उभे. सारण थोडं उरलेलं होतं. पहिली वडी निघाली, शोभानं ती बशीत ठेवून बहिणीपुढे सरकवली आणि पाठ फिरवून उगाचच झारा पुसू लागली. कुंदाताईंनी फुंकर मारली, चावली, हळूहळू खाल्ली. घरात आवाज फक्त तेलाचा.

"एकावरून नाही समजत," कुंदाताई म्हणाल्या. "अजून एक दे."

मागे बंडूभाऊंना ठसका लागला. शोभानं दुसरी दिली. मग तिसरी. चौथी संपवून कुंदाताईंनी बशी खाली ठेवली.

"बरोबर हाय मीठ. त्या दिवशीही बरोबरच होतं."

शोभा वळली. "मंग काहून म्हटलं वं तसं? सगळ्या पंगतीत?"

"सकाळपासून तुह्या व्याहीणबाई तुलेच वाखाणत होत्या. वडाभाताची डाळ रात्री बसून मी वाटली होती. मले कोणी इच्यारलंच नाही."

शोभानं झारा ठेवला आणि बहिणीच्या शेजारी खाली बसली. तिनं स्वतः एक वडी घेतली, अर्धी मोडून कुंदाताईंच्या बशीत टाकली. कढईत राहिलेल्या दोन करपल्या. त्या निर्मलाताईंनी काढल्या आणि चौघांत वाटल्या. करपलेल्या वडीतसुद्धा, खरं सांगतो, मीठ बरोबर होतं.

तर असा हा शंभर किलोमीटरचा प्रवास. इतकी गावं पाहिली, नदी पाहिली, वांग्याचं वावर आतून पाहिलं. जे न्यायला निघालो ते वाटेतच संपवलं, आणि जी बाई दोन वर्षांत आली नव्हती ती मोटारसायकलवर बसून आली. आम्ही नियमानं वागलो असतो, चाळीस वड्या सुखरूप पोचवल्या असत्या, तर फोनवर एक 'बरं हाय' आलं असतं आणि काम भागलं असतं. हे मी शोभाला पटवून द्यायचा प्रयत्न केला. तिला ते पटलेलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी गंज पुन्हा घासला, पुन्हा वड्यांनी भरला. या वेळी बोलावणं होतं, सगळ्यांना. वादळ ग्रुपनं मोठ्या मनानं गंज न्यायची तयारी दाखवली. शोभानं गंज उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "मी बसनं जातो."